टोमॅटोची किरकिर

शफी शिकलगारची पहिली शिवी टेपला असायची. गाडी शेडसमोर येऊन थांबली आणि चालकानं खिडकीतून मान काढून "मिस्तरी, खालून कायतरी वाजतंय" म्हटलं, की शफी दुसऱ्या गाडीखाली पडल्यापडल्या ओरडायचा, "आदी वरचं वाजतंय ते बंद कर, मग खालचं सांग!" टेप बंद झाला की तो बाहेर यायचा, हात पुसायचा आणि दुसरी शिवी मालकाला द्यायचा. आवाज सुरू झाला त्याच दिवशी मालकानं गाडी का आणली नाही, यासाठी ती असे. त्याच दिवशी गाडी कोणीच आणत नसे, त्यामुळे ही शिवी कधी चुकली नाही.

नारायणगावात जुन्नरच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड १९८१ सालापासून होती. फक्त ब्रेक आणि कमानपाटे. इंजिनाला तो हात लावत नसे. "इंजन बिघडलं तर गाडी थांबती. ब्रेक बिघडला तर थांबत नाय. मला दुसरं काम येतं, पयलं कुनीबी करंल," असं तो सांगायचा.

आवाजावरून बिघाड ओळखण्यात नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खड्ड्यातून गेल्यावर एकदाच 'खट्' झालं तर पाट्याच्या टोकाचा बुश गेला. पाठोपाठ दोनदा झालं तर शॉकअपचं रबर. वळताना 'कट्' झालं आणि ते स्टिअरिंगमधून हाताला कळलं तर बॉल जॉइंट, आणि मग गाडी शेडच्या बाहेर जाणार नाही. ब्रेक दाबल्यावर चाकातून घर्र आलं तर लायनर संपलं, रिबिटा ड्रमला घासायला लागल्या. यासाठी तो गाडीत बसायचाही नाही. चालकाला हळू चालवायला सांगायचा आणि मडगार्डवर तळवा ठेवून गाडीबरोबर चालत जायचा. पन्नास पावलांत निकाल लागायचा.

पाट्यांचा निकाल हातोडीनं लागे. गाडीचं वजन पेलणाऱ्या या पोलादी पट्ट्या वेगळ्या करून एकेक दगडावर टेकवायची आणि टोला द्यायचा. धड पाटा घंटेसारखा वाजतो. बारीक चीर गेलेला पाटा बद्द वाजतो, चीर डोळ्याला दिसत नसली तरी. ही विद्या त्याच्या घरची. जुन्नरला वडिलांची पाट्यांची भट्टी होती. बाराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत शफीनं तिथे तापलेले पाटे ठोकले. संध्याकाळी काम सुटल्यावर कानात शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत जायची. पुढे ती सकाळीही राहू लागली. भट्टीवरच्या सगळ्यांनाच ती शिट्टी होती, त्यामुळे तिला कोणी आजार म्हटलं नाही.

नारायणगावच्या जीपतळावर "शफीनं हात लावलाय" एवढं सांगितलं की बाया-माणसं गाडीत चढायची. वडापच्या, म्हणजे माणसं भरून खासगी फेऱ्या मारणाऱ्या, जीपवाल्यांना तो म्हणूनच लागायचा आणि त्याचा रागही येत असे. नऊ जणांच्या जीपमध्ये बावीस बसवता यावेत म्हणून हे लोक मागच्या पाट्यांत दोन जादा पाटे घालायला सांगत. गाडी मग खाली बसत नाही. पण ब्रेक नऊ माणसांचेच राहतात. १९९६ साली एका मालकानं हट्ट धरला तेव्हा शफीनं त्याच्या किल्ल्या समोरच्या गटारात फेकल्या आणि म्हणाला, "काड आता. आन् काडताना इचार कर, बावीस मानसं अशी काडावी लागली तर कशी काडशील." मालकानं गटारात हात घालून किल्ल्या काढल्या. जादा पाटे त्यानं मंचरला बसवून घेतले.

तो रागीट आहे हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. वयाप्रमाणे राग वाढत गेला, हेही. १९९९ नंतर तर "वाजतंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाच तो झापू लागला. "कुटं वाजतंय? मला दाव. तुझ्या डोक्यात वाजतंय." घरीही तेच. बायको कमरजहाँनं तीन शिट्ट्यांनी कुकर उतरवायला सांगून शेजारी जावं आणि परत येऊन बघावं तर डाळ करपलेली, शफी समोर पेपर वाचत बसलेला. कुकरची शिट्टीच होत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षांत त्यानं दोन कुकर बदलले. दुकानदारालाही शिव्या दिल्या.

आता टोमॅटोबद्दल सांगायला हवं. हंगामात नारायणगावच्या बाजारतळावर फुटक्या मालाचा लगदा पसरतो आणि गाड्या त्यातूनच जातात. तो आंबट रस आणि माती ब्रेकवर उडते, वाळते, पोलादाला गंज चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेक दाबला की चाक किरकिरतं. चार-सहा वेळा ब्रेक मारला की घासून निघतं आणि आवाज जातो. याला तिथे 'टोमॅटोची किरकिर' म्हणतात आणि जून ते नोव्हेंबर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शफीचा नियम होता: चार ब्रेक मारून आवाज गेला तर टोमॅटो, नाही गेला तर चाक खोलायचं. नियम बरोबरच होता. त्यात एकच गोष्ट गृहीत होती, की आवाज आहे की गेला हे ठरवणाऱ्याला तो ऐकू येतो.

दोन हजार सालाच्या आसपास वडापला नव्या जीप आल्या. त्यांना पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क. ड्रममध्ये लायनर असतं, तसं इथे पॅड. पॅड डिस्कला दाबून गाडी थांबते. या पॅडला पत्र्याची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजत आलं की ती फिरत्या डिस्कला टेकते आणि बारीक, टोचणारा आवाज करते. वाजावी म्हणूनच ती लावलेली असते. फतेचंद कटारियाच्या दुकानातून पॅडच्या खोक्याबरोबर आलेला कागद शफीनं वाचला होता. त्याचं मत असं होतं, की ही कंपनीवाल्यांची थाप आहे. दोन वर्षांत त्यानं शेकडो झिजलेले पॅड काढले, एकाचीही पट्टी वाजलेली त्यानं ऐकली नव्हती. "कागदावर वाजती ती," तो म्हणायचा.

फतेचंदचं स्पेअर पार्टचं दुकान शेडच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. आजोबा मारवाडातून कापड घेऊन आले, वडिलांनी कापडच विकलं, फतेचंदनं १९८३ साली पार्ट विकायला सुरुवात केली. शफी त्याला रागात असला की "कापडवाला" म्हणायचा, आणि रागात नसला की "शेठ". शेठ म्हणण्याचे प्रसंग कमी.

२००२ च्या सप्टेंबरातल्या एका सोमवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, चिमाजीची जीप शेडसमोर थांबली. चिमाजी नारायणगाव-मंचर-पेठ अशा फेऱ्या मारायचा. तो स्वतःहून थांबला नव्हता. त्याच्या शेजारी, डाव्या दाराला बसलेल्या सारजाबाईनं त्याला थांबवलं होतं. सारजाबाई अवसरी बुद्रुकची. सकाळी नारायणगावात भाजी घ्यायची, पेठला विकायची, दुपारनंतर पेठचा घाट उतरून घरी जायची. आठ वर्षं ती जागा तिची होती, आधी चिमाजीच्या जुन्या जीपमध्ये, दोन वर्षं या नव्या. त्या दिवशी माल उशिरा मिळाला म्हणून ती दुपारच्या फेरीला होती.

"मिस्तरी, हिला सांगा बाबा," चिमाजी म्हणाला. "चार दिस झालं डोकं खातीय. चाक वाजतंय म्हनती. मला तर काय येत न्हाई ऐकू."

"तुझ्या टेपात कसं येईल?" शफीनं टेप बंद करायला लावला. "काय वाजतंय, मावशी?"

"चुं चुं करतंय. माझ्या पायाखाली. सुई टोचल्यावानी."

"टोमॅटो हाय."

"टोमॅटो मला नको शिकवू. वीस वरीस टोमॅटोच इकतीया मी. त्ये ब्रेक मारल्यावर बोंबलतं. ह्ये उलटं हाय. ब्रेक मारला की गप, सोडला की चुं चुं."

हे वाक्य म्हणजे अख्खं निदान होतं. पत्र्याची पट्टी तशीच वाजते. ब्रेक दाबला की ती आवळून धरली जाते आणि बंद होते, सोडला की पुन्हा थरथरते. असा फरक सांगणारं गिऱ्हाईक मेकॅनिकला वर्षातून एखादं भेटतं. शफीनं ते अर्धंच ऐकलं.

त्यानं चिमाजीला गाडी हळू चालवायला सांगितली आणि डाव्या मडगार्डवर तळवा ठेवून, मान खाली घालून बरोबर चालला. चार वेळा ब्रेक मारायला लावला.

"कुटं काय? टोमॅटो होता, गेला."

"आत्ता वाजतंय की रं!" सारजाबाई दारातून ओणवी होऊन म्हणाली. "तू त्याच्यावरच हुबा हाईस!"

"तीस वर्षं ह्या कामात घातली मी. तू मला शिकवू नको. भाजी इक जा."

"इकते. तू कान धुऊन ये."

बाकीचे प्रवासी हसले. शफीनं हातातला पाना शेडच्या पत्र्यावर फेकला आणि चिमाजीला ओरडून सांगितलं, "ने ती गाडी! आन् हिला मागं बसीव, म्हंजी नाय वाजायचं." चिमाजी खूश होऊन निघाला. पेठपर्यंत त्यानं सारजाबाईला चिडवलं.

रस्त्यापलीकडे गल्ल्यावर बसलेल्या फतेचंदला तो आवाज स्पष्ट ऐकू आला होता. मध्ये रस्ता, रस्त्यावर वर्दळ, तरीही. आणि त्या चाकाला हात लावून चालणारा शफी "कुटं काय" म्हणत होता.

फतेचंदला एक गोष्ट आधीपासून माहीत होती. शफीनं चिरलेले म्हणून काढलेले पाटे भंगारात फतेचंदकडे यायचे. धड पाटे निवडून तो ट्रॉली बनवणाऱ्यांना जुना माल म्हणून देई. पूर्वी शफीच्या भंगारात धड पाटा सापडत नसे. गेली तीन वर्षं दहातले सात-आठ धड निघत होते. शफी चांगले पाटे फेकून लोकांना नवे घ्यायला लावत होता, नवे फतेचंदच्याच दुकानातून जात होते, आणि जुने पुन्हा फतेचंदच विकत होता. शफी लबाडी करणारा माणूस नव्हता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. फतेचंद काही बोलला नाही. सोमवारी मात्र त्याला ते चाक ऐकू आलं. मंगळवारचा दिवस त्यानं विचारात घालवला. बुधवारी दुपारी बाराला सात पाटे हातगाडीवर घालून तो रस्ता ओलांडून आला.

"शफीभाई, एवढे तपासून दे. धड किती, चिरलेले किती."

"तुझ्याकडं हातोडी नाय का?"

"तुझा हात वेगळा."

शफीनं एकेक पाटा दगडावर टेकवला आणि टोला दिला. सातही त्यानं डाव्या बाजूला टाकले. "सगळे चिरलेले. कुठलं भंगार उचललंस?"

फतेचंदनं सोबत आणलेला चिंधीचा बोळा रॉकेलमध्ये बुडवला. सातही पाट्यांवर फिरवला, पुसून कोरडे केले आणि वर खडूची भुकटी चोळली. पोलादात चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल भुकटीवर उमटतं. ही तपासणी शफीच्या वडिलांची. आवाजाबद्दल शंका आली तर ती करायची, असं त्यांनी शिकवलं होतं. शफीला वीस वर्षांत शंका आली नव्हती.

दहा मिनिटांनी दोन पाट्यांवर काळसर रेघ उमटली. पाच पाटे पांढरे स्वच्छ राहिले.

"पुन्ना चोळ," शफी म्हणाला.

फतेचंदनं पुन्हा चोळलं. दोनच.

मग फतेचंदनं त्या पाचांतला एक दगडावर टेकवला आणि टोला दिला. रस्त्यानं जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं वळून बघितलं. "घंटेसारखा वाजतोय, शफीभाई. तुला कसा ऐकू येतो?"

शफीला ठक् एवढंच ऐकू आलं. लाकडावर मारल्यासारखं. गेली काही वर्षं सगळे पाटे त्याला तसेच ऐकू येत होते. कारखान्यांनी पोलादात भेसळ सुरू केली आहे असा निष्कर्ष त्यानं काढला होता, आणि कारखान्यांनाही शिव्या दिल्या होत्या.

"कदीपास्नं?" त्यानं विचारलं.

"भंगारावरनं म्हणशील तर तीन वर्षं."

"तीन वर्षं गप बसलास? माझ्या हातनं लोकांचं धड सामान फेकून द्यायला लावलंस आन् वर तेच इकलंस? कापडवाल्या!"

"विकलं," फतेचंद म्हणाला. "ते माझं चुकलं. पण तुला सांगणार कोण? मागच्या दिवाळीत नुसतं म्हणालो, शफीभाई, वयानं कान जरा जड होतात. काय केलंस? हातोडी फेकलीस. माझ्या काउंटरची काच अजून तशीच आहे. जाऊन बघ. आणि आता पाट्यांचं राहू दे. परवा ती चिमाजीची जीप वाजत होती. मला इथपर्यंत ऐकू आलं."

सारजाबाईचं वाक्य शफीला आता पुरं आठवलं. ब्रेक मारला की गप, सोडला की चुं चुं. ती जीप त्यानं पास केली होती. दुपारची फेरी दोनच्या सुमाराला पेठहून भरून निघायची आणि घाट उतरायची. साडेबारा वाजले होते. पेठच्या जीपतळावरच्या कोणाचा फोन नंबर दोघांनाही माहीत नव्हता. फतेचंदनं स्कूटरची किल्ली पुढे केली. शफीनं जॅक, पाने आणि नव्या पॅडचं एक खोकं पिशवीत भरलं आणि निघाला.

तो पेठला पोहोचला तेव्हा जीप भरत आली होती. मागे चौदा, पुढे चार, टपावर रिकाम्या पाट्या. सारजाबाई तिच्या जागेवर. चिमाजी स्टिअरिंगवर बसून टेप लावत होता.

"उतरा!" शफी स्कूटर आडवी लावून ओरडला. "सगळे खाली उतरा! गाडी जायाची नाय."

कोणी हललं नाही. मागून एक जण म्हणाला, "चिमाजी, टेप बंद कर बाबा, मिस्तरी आलं."

"टेपाचं नाय, ब्रेकचं सांगतोय! पॅड गेलंय तुझं. उतर."

"परवा तुमीच म्हनला, टोमॅटो," चिमाजी म्हणाला. "समद्यांम्होरं म्हनला. आज काय, वांगं का?"

गाडीभर हसू झालं. शफीनं खिडकीतून हात घालून किल्ली काढायचा प्रयत्न केला. चिमाजीनं मनगट धरलं. "मिस्तरी, हात नका घालू. भरलेली गाडी हाय. आन् आवाज तर कालच थांबला. इचारा हिला. तुमी म्हनला तसंच झालं. टोमॅटो व्हता, गेला."

शफी सारजाबाईकडे वळला. "मावशी, थांबला?"

"थांबलाय," ती म्हणाली, तिलाच ते आवडलं नसल्यासारखी. "काल सांजंपास्नं. ह्यो मला तवापास्नं चिडवतुया."

आवाज आपोआप थांबण्याचा अर्थ शफीला लगेच कळला. पॅड आणखी झिजलं होतं आणि पट्टी तुटून पडली होती. ती वाजायला लागल्यापासून आठवडा होत आला होता, आणि हे उतरणाऱ्या रस्त्यावरचं, ओझं पेलणारं चाक होतं. पण आता बाहेरून दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ज्यांना आवाज ऐकू येत होता त्यांच्याही दृष्टीनं गाडी आता बरी होती. आणि सांगणारा शफी शिकलगार होता, जो रोज कोणावर ना कोणावर ओरडतो. वीस वर्षं त्याचं ओरडणं लोकांनी ऐकलं होतं. अठरा माणसं शांतपणे बसून ते पुन्हा ऐकत होती.

"गाडी खोलल्याबिगर जायाची नाय," तो म्हणाला.

"का पन? कारन सांगा की."

"मी सांगतोय म्हनून."

"परवाबी तुमीच सांगितलं. कंचा शफी खरा?"

चिमाजीनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. शफी समोर जाऊन उभा राहिला आणि बॉनेटवर दोन्ही हात आपटून त्यानं जे सांगितलं, ते पेठच्या तळावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"कारन परवा मला ऐकूच आलं नाय! चाकाला हात लावून चालत व्हतो, तरी नाय आलं. माझं कान गेल्यात. बारीक आवाज येत नाय मला. तीन वर्षं झाली. त्या बाईला येत व्हता, तुला टेपापायी येत नव्हता, आन् मला येतच नाय. टोमॅटो म्हनलो ते खोटं. झालं? मिळालं कारन? आता उतरा, भडव्यांनो!"

चिमाजीनं इंजिन बंद केलं.

सगळ्यात आधी सारजाबाई उतरली. मग मागचे एकेक उतरले, कुरकुरत, घड्याळं बघत. शफीनं जॅक लावला. डाव्या चाकाचं आतल्या बाजूचं पॅड बाहेर काढलं तेव्हा त्याच्यावर जुन्या पोस्टकार्डाएवढी जाडी शिल्लक होती, खालच्या कडेला लोखंड उघडं पडलेलं. पट्टी मुळाशी तुटलेली. त्यानं ते पॅड चिमाजीच्या हातात दिलं. चिमाजीनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "दोन दिस घाट उतरलोच की ह्याच्यावर. आजबी उतरलो असतो."

तो खरंही सांगत असेल. त्या दिवशी घाटात काय झालं असतं, हे कोणीच सांगू शकत नाही. शफीनं त्याच्याशी वाद घातला नाही. बघणाऱ्यांच्या मते ही त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ.

सारजाबाई मात्र गप्प बसली नाही. रिकाम्या पाटीवर बसून चाक बसेपर्यंत ती बोलत होती. "आठ वरीस त्याच जागंवर बसतीया मी. कंचा नट ढिला हाय त्ये पायाला कळतंय. सोमवारी सांगितलं तर म्हनला, भाजी इक. चार मानसांत झापलं मला. तुला ऐकू येत न्हाई तर न्हाई, पर मी काय मुकी व्हते का? सांगत व्हते की तोंडानं!"

शफी नट आवळत होता. "व्हय," एवढंच म्हणाला.

मंचरच्या डॉक्टरनं नंतर त्याला पुण्याला पाठवलं. तिथे कानाला यंत्र लावून तपासणी झाली. जाड आवाज बरे येत होते, बारीक गेले होते. भट्टीवर काम केलेल्यांचं असंच होतं, परत येत नाही, असं सांगण्यात आलं. कमरजहाँनं घरी आल्यावर माळ्यावरचे दोन्ही जुने कुकर खाली काढले आणि धुऊन वापरायला घेतले. भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवली.

ज्यांचे धड पाटे त्यानं फेकले होते त्यांतले काही जण शेडवर येऊन भांडून गेले. शफीनं ऐकून घेतलं. फतेचंदच्या दुकानात जाऊन त्यानं एकदाच सांगितलं, "ह्यांना जुना माल दे. तुझ्याकडं पडलेला. कुनाचा हाय ते तुलाबी म्हाईत हाय." फतेचंदनं दिला. पण दोघांचं बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही. तीन वर्षांच्या गप्प बसण्याबद्दल शफीनं त्याला माफ केलेलं नाही, आणि तसं तो त्याच्या तोंडावर सांगतो. फतेचंद फुटक्या काचेकडे बोट दाखवतो.

चिमाजी आता गाडी दुसरीकडे नेतो. शफीचं त्यावर म्हणणं असं, की बरोबर करतो, फक्त टेप बंद करून न्यावी.

काम त्यानं सोडलं नाही. बुश, शॉकअप, बॉल जॉइंट यांचे आवाज जाड असतात, ते त्याला येतात. पाट्यांना रॉकेल आणि खडू. ब्रेकचं चाक प्रत्येक वेळी खोलून. वेळ लागतो म्हणून निम्मी गिऱ्हाइकं गेली. राग होता तिथेच आहे.

२००४ च्या मे महिन्यात द्राक्षबागवाला एक जण नवी मोटार घेऊन आला. शेजारी बायको बसलेली. काच खाली करून तो म्हणाला, "मिस्तरी, हिला म्हणे पुढं काहीतरी वाजतंय. मला तर काही ऐकू येत नाही. बायकांना काय, उगीच—"

"टेप बंद कर," शफी म्हणाला. "आन् खाली उतर."

"मी?"

"तूच. तुला ऐकू येत नाय, मला येत नाय. दोघं बहिरे मिळून काय उपटनार?" त्यानं दार उघडून धरलं आणि आत वाकून त्या बाईला विचारलं, "ताई, तुमी सांगा. कदी वाजतं? ब्रेक मारल्यावर, का सोडल्यावर?"